लिफाफा क्रमांक दोन

निविदेतून बाद झालो असं कळलं की ठेकेदार मंडळींत एकच वाक्य फिरतं, "मॅनेज होतं हो ते." या वाक्याची सोय अशी की बाद झालेल्याची पत राहते आणि पुढे कुणाला काही करावं लागत नाही. आमच्या घरातही तेच वाक्य आलं. मी तोवर पोर्टलवरचा तांत्रिक मूल्यमापनाचा गोषवारा पुन्हा वाचायला घेतला होता. चार निविदाधारक. तिघे पात्र. आमच्या फर्मपुढे 'अपात्र', आणि शेऱ्याच्या रकान्यात पाच शब्द: समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव नाही.

आमच्यात कामाची वाटणी सरळ आहे. नवरा साइट बघतो, मी कागद बघते. सासऱ्यांनी सातपूरला छोट्या शेड बांधण्यापासून सुरू केलेली फर्म, पुढे सरकारी नोंदणी झाली. नाशिकच्या ठेकेदारांच्या बैठकीत बायका फारशा दिसत नाहीत, पण निविदा जिथे प्रत्यक्ष भरली जाते त्या खोलीत डोकावून बघा. डिजिटल सहीचं टोकन बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या नाहीतर एखाद्या 'ऑनलाइन'वाल्या पोराच्या हातात असतं. ज्या कार्यालयाची ही हकिगत आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे आमची जुनी बिलं अजून अडकलेली आहेत.

काम होतं जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शासकीय वसतिगृहाच्या दुरुस्तीचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागात पाऊस जसा कोसळतो तो ज्याने पाहिलाय त्याला तिथल्या स्लॅबची अवस्था सांगायला नको. छताचं वॉटरप्रूफिंग, आतलं-बाहेरचं प्लास्टर, शौचालयांची पूर्ण दुरुस्ती, थोडं वायरिंग. अंदाजपत्रक दीड कोटीच्या थोडं खाली. बी-१ नमुन्याची निविदा, म्हणजे बाबवार दर भरायचे नाहीत; अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढंच सांगायचं. छोट्या कामांत मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार अशी टक्केवारीने वाटणी असते, आणि तिथली भांडणं कामवाटप समितीच्या दारात होतात. तो वेगळाच तमाशा. हे काम सगळ्यांना खुलं होतं.

अटी वाचताना दोन ठिकाणी माझी पेन्सिल थांबली.

पहिली अट जागा पाहणीच्या दाखल्याची. निविदाधारकाने साइट पाहिली असा उप अभियंत्याच्या सहीचा दाखला पहिल्या लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदांत, जोडायचा; दर असतो दुसऱ्या लिफाफ्यात. वरवर पाहिलं तर यात वावगं काय? जागा न बघता दर कोण भरेल? पण दाखला घ्यायचा म्हणजे कार्यालयात जायचं, अर्ज द्यायचा, आणि साहेब 'दौऱ्यावर' असले तर पुन्हा जायचं. एवढ्यात कोण कोण निविदा भरणार याची यादी आपोआप तयार होते. ई-निविदेत बाकी सगळं कुलूपबंद असतं. दर सांकेतिक रूपात सर्व्हरवर पडतो, आणि ठरलेल्या अधिकाऱ्यांनी आपापलं टोकन लावल्याशिवाय तो उघडत नाही. पण भरणारे कोण हे जर मुदतीच्या आधीच टेबलावर कळलं, तर त्या कुलपाचा उपयोग काय? ज्यांना एकमेकांना फोन करायचे ते करतातच.

दुसरी अट अनुभवाची. मागच्या सात वर्षांत समान स्वरूपाची पूर्ण केलेली कामं: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. हा साचा ओळखीचा आहे, केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातला. निविदा तयार करणारे तो जसाच्या तसा उचलतात. आमच्याकडे ८० टक्क्यांच्या वरचं एक काम होतं. शहरातल्या एका शिक्षण संस्थेच्या दोन इमारतींची दुरुस्ती, त्यात स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि शौचालयंसुद्धा. पूर्णत्वाचा दाखला होता, टीडीएस कापल्याचा पुरावा होता. फक्त काम खाजगी संस्थेचं होतं. 'समान स्वरूपाचे' म्हणजे काय, सरकारी कामच पाहिजे का, याबद्दल निविदेत अक्षर नव्हतं.

म्हणून निविदापूर्व बैठकीसाठी मी दोन प्रश्न लेखी पाठवले. दाखल्याऐवजी जागेचे फोटो आणि स्वयंघोषणा चालेल का? आणि समान स्वरूपाचे काम म्हणजे नेमकं काय, त्यात खाजगी संस्थेचं काम धरणार का? पहिल्यावर शुद्धिपत्रक निघालं, स्वयंघोषणा चालेल. आणखी कुणीतरी तेच विचारलं असावं, माझ्या एकटीच्या पत्राने इतकं हललं नसतं. दुसऱ्या प्रश्नापुढे उत्तर छापलं होतं: 'निविदा अटीनुसार.'

सरकारी निविदा भरणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर कधी ना कधी वाचलेलं असतं. अट कळत नाही म्हणून विचारावं आणि अट वाचा म्हणून सांगावं. नवरा वैतागला. मी ते उत्तर छापून फाइलला लावलं.

निविदा भरण्याबद्दल फार लिहीत नाही. सगळे भरतात तशीच भरली. दराच्या तक्त्याची फाइल उतरवून घ्यायची, तिचं नावसुद्धा बदलायचं नाही, 'कमी' की 'जास्त' ते निवडून टक्का टाकायचा, सह्या करून चढवायचं, आणि पानाच्या वर चालणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळाकडे बघत राहायचं. दहा टक्क्यांच्या खाली गेलं तर जादा सुरक्षा ठेव द्यायची अट होती. आम्ही ११.७ टक्के कमी भरले. एवढ्या खाली आणखी कुणी येणार नाही अशी आमची खात्री होती, कारण त्या घाटात सिमेंट आणि मजूर पोचवायला काय लागतं ते आम्हाला ठाऊक होतं.

आणि मग तो पाच शब्दांचा शेरा.

सल्ले यायला वेळ लागला नाही. एक जण म्हणाला, आमदारांचं पत्र घ्या. दुसरा म्हणाला, पेपरात द्या. तिसऱ्याने, जो स्वतः कुठल्याच निविदेवर कधी हरकत घेत नाही, सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जायला सांगितलं. उरलेल्या दोन निविदा 'सपोर्टिंग' आहेत, म्हणजे संख्या भरण्यापुरत्या लावलेल्या, अशीही कुजबुज होती. असेलही. पण कुजबुजीचा कागद होत नाही. संगनमत सिद्ध होतच नाही असं मी म्हणणार नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत कंपन्यांनी आपसात ठरवून बोली लावल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं आणि दंडही केला. ते प्रकरण एका नागरिक मंचाने लावून धरलं होतं आणि आयोगाच्या तपास यंत्रणेने खणून काढलं होतं. दीड कोटीच्या दुरुस्तीसाठी, आणि तेही आठवड्याभरात दुसरा लिफाफा उघडणार असताना, तो रस्ता आमचा नव्हता.

माहितीचा अधिकार म्हणाल तर तो मीही वापरते. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांत अर्ज. पण कार्यालयाला उत्तराला तीस दिवस मिळतात. शिवाय तिसऱ्या पक्षाची माहिती, व्यावसायिक गोपनीयता ही कलमं हाताशी असतातच. तीस दिवसांत कार्यारंभ आदेश निघून साइटवर खडीची गाडी रिकामी झालेली असते. अर्ज मी टाकला, पण त्याच्यावर अवलंबून राहिले नाही. त्याच दिवशी साधं पत्र लिहिलं: आम्हाला अपात्र ठरवण्याची कारणं लेखी द्यावीत, आणि अनुभवाच्या अटीबाबत चारही निविदाधारकांचा तुलनात्मक तक्ता पाहू द्यावा.

आवक-जावकला बसणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे. पत्र वाचून म्हणाले, "ताई, साहेबांना भेटून घ्या ना आधी. पत्रबित्र कशाला?"

"भेटते की. आधी शिक्का मारा."

त्यांनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, क्रमांक टाकला, तारीख टाकली. सरकारी कार्यालयात तोंडी झालेलं बोलणं संध्याकाळी पाचला विरून जातं. आवक क्रमांक पडला की त्या कागदाचं काय केलं हे कुणाला तरी कधीतरी लिहावं लागतं.

कारणं लेखी मिळाली नाहीत, पण तक्ता बघायला मिळाला. बहुधा पत्रावर क्रमांक पडला म्हणूनच. लेखाशाखेतल्या टेबलाशी उभं राहून बघायचा, फोटो काढायचा नाही. मी वहीत उतरवून घेतलं. आमच्या रकान्यात लिहिलं होतं, 'खाजगी काम, सबब समान नाही.' म्हणजे पोर्टलवर अनुभवच नाही म्हटलं होतं आणि इथे खरं कारण वेगळं होतं. मग बोट खाली सरकवलं. पात्र ठरलेल्यांपैकी एकाचं ८० टक्क्यांचं काम होतं संरक्षक भिंत आणि आवारातलं पेव्हर ब्लॉकचं. शेरा: 'ग्राह्य.'

संरक्षक भिंत. ज्या वसतिगृहाच्या स्लॅबमधून पाणी मुलांच्या गाद्यांवर पडतं, त्याच्या दुरुस्तीला आवाराची भिंत समान. आणि स्लॅबचीच दुरुस्ती असमान, कारण पैसे देणारा सरकार नव्हता.

घरी येऊन जो मजकूर मी पहिल्यांदा लिहिला तो रागाचा होता. त्यात 'भ्रष्टाचार', 'मर्जीतला ठेकेदार', 'आम्ही सर्वांत कमी दर भरूनही' असं सगळं होतं. तो घेऊन सासऱ्यांच्या एका मित्राकडे गेले. जिल्हा न्यायालयात त्यांची उभी हयात गेली, आता कोर्टात कमी आणि घरी जास्त बसतात. आम्ही सगळे त्यांना वकीलकाका म्हणतो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमचा दर सर्वांत कमी आहे हे तुला कुणी सांगितलं? दुसरा लिफाफा उघडलाय?"

"नाही उघडला."

"मग खोड ते. आणि भ्रष्टाचार पण खोड. पुरावा आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग ज्याचा कागद तुझ्या हातात आहे तेवढंच ठेव."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. निविदेच्या वादात न्यायालय तुमचा दर किती, काम कुणाला मिळायला हवं, हे बघत नाही. निर्णयापर्यंत ज्या रीतीने पोचले ती रीत बघतं. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या एका वादात तर न्यायालयाने म्हटलं की निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिच्या अटींचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. त्याने लावलेला अर्थ दुर्हेतूचा किंवा विकृत असल्याशिवाय आम्ही मध्ये पडणार नाही. आणि २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन, सार्वजनिक कामांना स्थगिती देताना हात आखडता घ्या, फार तर नुकसानभरपाईचं बघा, असा सूर लागला.

"म्हणजे आपलं काहीच चालणार नाही," मी म्हटलं.

"अगं, ऐक पुढचं." आणि त्यांनी १९७९ चा रमणा शेट्टी खटला काढला. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. अट होती, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक पाहिजे. ज्याला काम दिलं त्याचा अनुभव होता कॅन्टीन चालवण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने एकदा पात्रतेची पट्टी ठरवली की ती सरकारलाही बांधते. एकाला लावायची आणि एकाला सोडायची, असं चालणार नाही. राज्यघटनेतलं समानतेचं चौदावं कलम निविदेच्या टेबलापर्यंत पोचलं ते या निकालाने.

मला हुरूप आला. तेव्हा काकांनी शेवट सांगितला: तत्त्व मान्य झालं, पण त्या अर्जदाराच्या हाती काही पडलं नाही. तो न्यायालयात उशिरा आला होता. तोवर ज्याला काम मिळालं त्याने पैसा घालून जागा तयार केली होती, म्हणून न्यायालयाने ते कंत्राट मोडलं नाही. "म्हणून म्हणतो, तुझ्याकडे वेळ दुसरा लिफाफा उघडेपर्यंतच आहे. त्यानंतर तू बरोबर असलीस तरी उशीर झालेला असेल."

न्यायालयात जायचंच ठरवलं असतं तर काय झालं असतं, तेही विचारून घेतलं. दिवाणी दावा करायचा तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस, घाई असेल तर न्यायालयाची वेगळी परवानगी. थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे. शेजारचं नगर औरंगाबाद खंडपीठाकडे जातं, आपण मात्र सकाळची पंचवटी पकडून सीएसएमटीला उतरायचं. वकिलाची फी, तारखा, झेरॉक्स. त्या कामात सुटला असता तो नफा त्यातच संपला असता.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. कर्नाटकात १९९९ पासून सरकारी खरेदीचा स्वतंत्र कायदा आहे, तमिळनाडूत १९९८ पासून, राजस्थानने २०१२ मध्ये केला. या कायद्यांत नाराज निविदाधारकाला अपिलाची वाट ठेवलेली आहे. केंद्रात २०१२ साली असं एक विधेयक लोकसभेत आलं आणि पुढे ती लोकसभा संपल्यावर बारगळलं. आपल्याकडे महाराष्ट्रात सगळा कारभार शासन निर्णय, परिपत्रकं आणि नियमपुस्तिका यांवर चालतो. अपात्र ठरलेल्याने कुठे जायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल, तोवर पुढची कारवाई थांबेल का? या प्रश्नांची उत्तरं त्या त्या कार्यालयाच्या मर्जीवर आणि वरच्या साहेबाच्या स्वभावावर आहेत. माझ्या वाट्याला वरचे साहेब बरे आले, हे मी नशीब समजते. व्यवस्था म्हणून त्याचं कौतुक करणार नाही.

निवेदन नव्याने लिहिलं. दीड पान. दराबद्दल शब्द नाही, कुणाच्या हेतूबद्दल शब्द नाही. चारच मुद्दे ठेवले. अनुभवाच्या अटीत खाजगी काम वगळलेलं नाही. आम्ही मुदतीत लेखी विचारलं होतं आणि उत्तर 'निविदा अटीनुसार' असं आलं होतं, ते सोबत जोडलं आहे. पोर्टलवरचं कारण आणि तक्त्यातलं कारण वेगळं आहे. आणि ज्या अर्थाने संरक्षक भिंत व पेव्हर ब्लॉकचं काम समान धरलं त्या अर्थाने इमारतीची दुरुस्ती असमान कशी, याचा खुलासा व्हावा.

हे झाल्यावर मी सहज म्हणून ते २००२ चं परिपत्रक मुळातून वाचायला घेतलं. आजवर टक्क्यांचा साचा निविदांतच वाचला होता. त्या साच्याच्या खालीच एक ओळ होती: 'समान काम' म्हणजे काय याची व्याख्या स्पष्ट करावी. ४०, ५०, ८० हे आकडे उचलणाऱ्याने ती ओळ तेवढी मागे ठेवली होती. आयोगाची परिपत्रकं राज्याच्या कार्यालयाला थेट लागू होत नाहीत हे काकांनी आधीच बजावलं होतं. म्हणून मी एवढंच लिहिलं की ज्या परिपत्रकातून ही अट घेतलेली दिसते त्यातच व्याख्या देण्याची सूचना आहे, ती या निविदेत पाळलेली दिसत नाही. हा पाचवा मुद्दा. शेवटी विनंती: निर्णय होईपर्यंत लिफाफा क्रमांक दोन उघडू नये.

मूळ प्रत अधीक्षक अभियंत्यांना, एक प्रत मुख्य अभियंत्यांना, एक त्या कार्यालयाला. सगळीकडे शिक्का, आणि वर ई-मेल.

आर्थिक लिफाफा उघडण्याची तारीख पुढे गेल्याची सूचना पोर्टलवर आली तेव्हा नवऱ्याचा विश्वास बसेना. मग सुनावणीचं पत्र आलं. सुनावणी म्हणजे साहेबांच्या दालनात लांब टेबल, एका बाजूला कार्यालयाचे दोन अभियंते आणि लेखाधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघे. संरक्षक भिंतवाल्या ठेकेदारालाही बोलावलं होतं, हे मला आवडलं. त्याच्या पाठीमागे त्याच्या दाखल्यावर बोलायची मला लाज वाटली असती.

कार्यालयातले अभियंते म्हणाले, "मॅडम, खाजगी कामाला आमची देखरेख नसते. दर्जाची खात्री कशी धरायची?"

मुद्दा खोटा नव्हता. खाजगी कामाचे दाखले मित्राच्या लेटरहेडवर मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "साहेब, मग तसं निविदेत लिहायचं होतं. मी विचारलं तेव्हा सांगायचं होतं. आम्ही भरलीच नसती, बयाणाही अडकला नसता."

अधीक्षक अभियंत्यांनी ते निविदापूर्व उत्तर हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि खालच्या अभियंत्यांकडे ढकललं. "हे कुणी दिलं?" कुणी बोललं नाही. मग त्यांनी दुसऱ्या ठेकेदाराला विचारलं, "तुमच्या भिंतीच्या कामात छप्पर होतं का?" तो हसला. "साहेब, भिंतीला छप्पर कुठलं. पण काँक्रीट होतं, प्लास्टर होतं. बिल्डिंगला वेगळं काय असतं?" तो मनापासून बोलत होता असं मला वाटलं. त्याने जी अट होती तिच्यात आपला दाखला बसवला, आम्ही आमचा बसवला. पट्टी धरणारा हात दोन ठिकाणी वेगळा पडला, तक्रार एवढीच होती.

आठवड्याभराने आदेश आला. निविदेत व्याख्या नसल्याने आणि खाजगी काम वगळलेलं नसल्याने आमचा दाखला ग्राह्य धरावा. त्याच कारणाने दुसऱ्याचाही कायम ठेवावा. चारही निविदाधारकांचे आर्थिक लिफाफे उघडावेत. फेरनिविदा काढली असती तर पावसाळा गाठला असता, म्हणून हा मार्ग घेतल्याचंही त्यात नोंदवलं होतं. काका म्हणाले, याहून जास्त उच्च न्यायालयानेही दिलं नसतं.

लिफाफे उघडले. संरक्षक भिंतवाला १२.४ टक्के कमी. आम्ही ११.७. बाकीचे दोघे अंदाजपत्रकाच्या आसपास.

०.७ टक्क्याने काम गेलं. मूल्यमापनात त्याला बाद केलं नसतं, तर बाकी काहीही झालं असतं तरी काम त्याचंच होतं. नवरा बराच वेळ आकडेमोड करत बसला की १२.४ मध्ये ते काम होतं कसं. मग म्हणाला, "घाटात त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे." मला मात्र त्या संध्याकाळी शांत झोप लागली, याचं मलाच नवल वाटलं. हरणं सहन होतं. शेरा सहन होत नव्हता.

त्याचा फोन आला दुसऱ्या दिवशी. नाशिक इतकंही मोठं नाही, या धंद्यात तर नाहीच. पुढच्या कामात तो आमच्याच शेजारी उभा असणार. "वहिनी, माझ्यावर का घसरलात?" मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यावर नाही. तुमची भिंत चालते तर आमचा स्लॅब का नाही, एवढंच विचारलं." "ते बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि वॉटरप्रूफिंगचं साहित्य अंबडला कुणाकडे चांगलं मिळतं ते विचारलं. मी सांगितलं.

बयाणा रक्कम खात्यावर परत आली. माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तरही सावकाश आलं: मागितलेली माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

आता सिंहस्थाची कामं सुरू आहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, स्नानाच्या मोठ्या पर्वण्या २०२७ च्या पावसाळ्यात. तारीख हलत नाही म्हटल्यावर निविदा अल्पमुदतीच्या निघतात, बाहेरगावचे मोठे ठेकेदार येतात, आणि वाचायला, प्रश्न विचारायला दिवस कमी उरतात. अशा धामधुमीत त्याच कार्यालयाची आणखी एक इमारत दुरुस्तीची निविदा निघाली. मी अनुभवाच्या अटीवर आधी गेले. यावेळी व्याख्या होती, व्यवस्थित, क्रमांक टाकून. समान स्वरूपाचे काम म्हणजे शासकीय, निमशासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या इमारतीचे बांधकाम अथवा दुरुस्ती. संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉक व तत्सम आवारातील कामे तसेच खाजगी कामे ग्राह्य धरली जाणार नाहीत.

म्हणजे तोही बाहेर आणि आम्हीही. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही अट आधी सांगितलेली, सगळ्यांना सारखी. आता भांडायचं तर अटच अवाजवी आहे म्हणून भांडावं लागेल, आणि ते फार कठीण. पात्रता काय ठेवायची ते ठरवायचा त्यांना अधिकार आहे."

त्या दुसऱ्याचाही फोन येऊन गेला. "वहिनी, तुम्ही विचारलंत आणि दोघांचंही दार लागलं," म्हणाला, आणि मग, तुम्ही प्रश्न पाठवणार असाल तर मीही पाठवतो, मसुदा द्या. मी विचारलंय की चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह आणि टीडीएसच्या पुराव्यासह खाजगी इमारतीचं काम धरायला हरकत काय, आणि कार्यालयाला दर्जाचीच शंका असेल तर झालेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येईल का. त्याचा प्रश्न वेगळा ठेवलाय. दोघांची भाषा एक दिसली तर उगाच संगनमत वाटायचं. मुदत सोमवारी दुपारी तीनपर्यंत आहे आणि दोन्ही पत्रं आजच आवकला जातील.